विश्लेषण : मुंबईची विसरलेली तबकडी २८ वर्षांनी जगभर कशी वाजली? छोट्या रेकॉर्ड लेबलांचे गणित आणि वडशाचा संबंध

मुंबईतील एका स्टुडिओ वादकाने १९८२ मध्ये केलेली तबकडी फारशी कुणी घेतली नाही आणि ती विसरली गेली. २०१० मध्ये नेदरलँड्समधील एका छोट्या लेबलने ती पुन्हा छापली आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात मुंबईचे नाव घेतले जाऊ लागले. मोठ्या कंपन्यांनी सोडून दिलेले संगीत उचलणारी ही स्वतंत्र लेबले चालतात कशी, पैसा कुणाच्या हाती लागतो, आणि रात्रभर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडच्या साथीने नाटके करणाऱ्या वडसा-देसाईगंजला याच्याशी काय देणेघेणे?

मुंबईच्या तबकडीचे प्रकरण काय आहे?

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक. बास गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड, व्हायोलिन अशी अनेक वाद्ये ते वाजवत. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. गाणे गाजले की गायकाचे, संगीतकाराचे, नायकाचे नाव होई. स्टुडिओत शिफ्टवर येणाऱ्या वादकाचे नाव तबकडीच्या वेष्टनावर क्वचितच छापले जाई. सिंग यांची बरीच कारकीर्द अशीच गेली.

१९८० च्या सुमारास डिस्कोची लाट होती. नाझिया हसनचा ‘डिस्को दीवाने’ १९८१ मध्ये आला, १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ चित्रपट झळकला. त्याच काळात सिंग यांनी सिंगापूरहून आणलेली रोलँड कंपनीची नवी यंत्रे घेऊन एक प्रयोग केला. टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणि टीबी-३०३ ही बासची छोटी पेटी. या तिघांना एकत्र जोडून त्यांनी भैरव, तोडी, ललित, भूपाळी, यमन, मालकंस, मधुवंती, मेघ मल्हार, कलावती आणि बैरागी हे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एचएमव्हीने, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या नावाने ती तबकडी काढली. ती चालली नाही. शास्त्रीय ऐकणाऱ्यांना ती डिस्को वाटली असणार आणि डिस्कोवाल्यांना शास्त्रीय.

इथे टीबी-३०३ या पेटीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सारे तिच्याभोवतीच फिरते. एकट्याने गिटारचा सराव करणाऱ्याला बासची साथ मिळावी म्हणून रोलँडने ती बनवली. तिचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा मुळीच येत नव्हता. विक्री झाली नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. पण तिच्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भारतीय कानाला ती मींडेच्या जवळची वाटते आणि रागाच्या वादकाला तिचा मोह पडणे स्वाभाविक होते. बटणे फिरवत गेले की आवाज चिरका, ओला, करवतीसारखा होत जाई. अमेरिकेत ही पेटी जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली, तेव्हा शिकागोतील ‘फ्यूचर’ नावाच्या चमूने तिची बटणे मनसोक्त पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना केली. ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ या नृत्यसंगीताची ती सुरुवात मानली जाते.

म्हणजे मुंबईतला आवाज पाच वर्षे आधीचा. मात्र चरणजित सिंग यांनीच अ‍ॅसिड हाऊसचा शोध लावला, असे समाजमाध्यमांवर छातीठोकपणे सांगितले जाते, ते अतिशयोक्त आहे. शिकागोच्या त्या तरुणांपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा पुरावा नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी दोन वेगळ्या हेतूंनी वापरले गेले आणि आवाज आश्चर्यकारक जवळचा निघाला, एवढेच म्हणता येते. तेही कमी नाही.

ती पुन्हा कुणी शोधली?

जुन्या भारतीय चित्रपटसंगीताचे वेड असलेले डच संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीत ही तबकडी मिळाली. ऐकून ते थक्क झाले. पुढे त्यांनी मुंबईत चरणजित सिंग यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर तिची नवी आवृत्ती काढली. हे लेबल म्हणजे काही बहुमजली कार्यालय नव्हे. निवडक, विसरलेले संगीत थोड्या प्रतींत काढणारा तो छोटा उद्योग होता. त्यानंतरच्या काही वर्षांत सत्तरीतले सिंग युरोपातील मंचांवर तीच यंत्रे घेऊन उभे राहिले आणि समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाचे श्रोते नाचले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचेही असेच. तिथे १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेले प्रयोग फितींवर होते आणि संस्थेच्या संग्रहात पडून होते. ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांनी त्यांचा माग काढला आणि २०२३ मध्ये त्यातील निवडक ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. मध्ये अर्धे शतक गेले.

लेबल म्हणजे नेमके काय?

वडसा येथील वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण तिथल्या नाट्यकंपनीचे काम बरेचसे असेच असते. हंगामाआधी कंपनीचा मालक पैसा घालतो, नाटक निवडतो, कलावंत ठरवतो, नेपथ्य, प्रकाश, ध्वनी आणि वाहनाची व्यवस्था लावतो, गावोगावच्या मंडळांकडून तारखा घेतो. लेबलही तेच करते, फक्त त्याचा प्रयोग एकदाच होतो आणि तो तबकडीत किंवा फाइलमध्ये साठवला जातो. ध्वनिमुद्रणाचा खर्च, आवाजाचा अंतिम साज म्हणजे मास्टरिंग, वेष्टनाचे चित्र, प्रती काढणे, दुकानांत आणि अ‍ॅपवर पोहोचवणे, आणि नंतर वर्षानुवर्षे हिशेब ठेवणे. शेवटचे काम सर्वात कंटाळवाणे आणि सर्वात महत्त्वाचे.

जगात युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या कंपन्या आहेत. त्यांच्या मालकीबाहेर जे चालते त्याला स्वतंत्र लेबल म्हणण्याचा प्रघात आहे. आकाराने मोठी पण स्वतंत्र अशीही कंपनी असू शकते, त्यामुळे ‘स्वतंत्र’ म्हणजे ‘लहान’ असे समीकरण चुकीचे ठरते. ‘अंडरग्राउंड’ म्हणजे चित्रपट, रेडिओ आणि जाहिरातींच्या मुख्य प्रवाहाबाहेरचे संगीत. त्याला मराठीत ‘भूमिगत’ म्हणता आले असते, पण गडचिरोली जिल्ह्यात या शब्दाला दुसराच वास आहे, तेव्हा इंग्रजी शब्दच बरा. त्यात बेकायदा असे काही नसते. थोडे पण पक्के श्रोते, एवढाच त्याचा अर्थ. भारतात दिल्लीचे ‘किल्ला रेकॉर्ड्स’ हे टेक्नो वळणाच्या संगीताचे लेबल या वाटेवरचे ओळखीचे नाव.

मग वडशाचा संबंध कुठे येतो?

वैनगंगेच्या काठचे हे गाव दोन नावांनी ओळखले जाते. नगर परिषदेची पाटी देसाईगंज, रेल्वे स्थानकाची वडसा. गोंदिया ते बल्लारशाह मार्गावरचे हे स्थानक आणि भाताची बाजारपेठ, यामुळे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांतून येणे-जाणे सोपे. त्यामुळेच झाडीपट्टी रंगभूमीच्या डझनांनी कंपन्यांची कार्यालये इथे थाटली गेली. दिवाळीनंतर धान घरात आले की हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास उतरतो. गावातले मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देऊन प्रयोग घेते, तिकिटे मंडळ विकते, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, मुंबई-पुण्याच्या वितरकाशिवाय आणि बराच काळ माध्यमांच्या नजरेबाहेर हा व्यवहार वाढला. २०२३ मध्ये ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि त्याआधी २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला, तेव्हा कुठे उर्वरित महाराष्ट्राला याची थोडी दखल घ्यावीशी वाटली.

स्वतंत्र लेबलवाले ज्याला अभिमानाने ‘स्वतःचे स्वतः करणे’ म्हणतात, ते वडशात पिढ्यान्पिढ्या चालू आहे. प्रयोग, प्रेक्षक, पैसा सगळे आहे. नाही ते ध्वनिमुद्रण.

झाडीपट्टीच्या नाटकात गाणे तोंडी लावण्यापुरते नसते. नट मंचावर प्रत्यक्ष गातात. साथीला ऑर्गन आणि तबला जुना, ऑक्टोपॅड आणि सिंथेसायझर असलेला कीबोर्ड त्यामानाने नवा. ऑक्टोपॅड म्हणजे काठीने वाजवायच्या आठ रबरी चौकोनांची पेटी. प्रत्येक चौकोनावर ढोलकीपासून विजेच्या कडकडाटापर्यंत कोणताही आवाज बसवता येतो. खलनायकाच्या प्रवेशाला, विनोदी पात्राच्या ठेचेला, लावणीच्या ठेक्याला, करुण प्रसंगातल्या शांततेनंतरच्या पहिल्या सुराला हीच दोन-तीन माणसे रात्रभर जागून आवाज देतात. ती कुणी पूर्ण लिहून दिलेली नसते. त्या रात्रीच्या नटाच्या लयीवर आणि प्रेक्षकांच्या टाळीवर ती ठरते. तांत्रिक भाषेत हे प्रत्यक्ष सादर होणारे इलेक्ट्रॉनिक संगीतच आहे, नाव कुणी तसे घेत नाही इतकेच.

धुमालचेही असेच आहे. नागपूरपासून छत्तीसगडच्या रायपूर-दुर्गपर्यंत गणपती, दुर्गा आणि लग्नाच्या मिरवणुकांत वाहनावर कीबोर्ड, बेंजो, ऑक्टोपॅड आणि ताशे लावून वाजणारे हे पथक. लांबलचक, एकाच ठेक्यावर चढत जाणाऱ्या त्यांच्या धून यूट्यूबवर आवडीने पाहिल्या जातात. आवाजाच्या पातळीचा प्रश्न खरा आहे आणि त्रास होणाऱ्यांची तक्रारही रास्त आहे. पण संगीत म्हणून पाहिले तर मध्य भारताने स्वतः घडवलेला हा प्रकार आहे. तो जपणारे, नीट मुद्रित करणारे, वादकांची नावे लिहिणारे लेबल असायला काय हरकत आहे?

पूर्वी हे काम थोडेफार कॅसेटने केले. एचएमव्हीची मक्तेदारी १९८० च्या दशकात कॅसेटनेच मोडली. तबकडी छापायला कारखाना लागे, कॅसेट भरायला खोली पुरे. भीमगीते, भारुडे, लोकगीते, कव्वाल्यांचे सामने यांना त्यामुळे बाजार मिळाला. कॅसेट गेली आणि जागा मोबाइलने घेतली. आता नाटकातले गाणे कुणीही खिशातल्या फोनवर टिपतो. आवाज फाटलेला, वादकाचे नाव नाही, तारीख नाही, गाव नाही.

पैसा कुणाला मिळतो?

छोट्या लेबलांची साधी रीत अशी की आधी खर्च वसूल करायचा आणि मग नफा कलावंत आणि लेबल यांच्यात अर्धा-अर्धा वाटायचा. समजा, एका तबकडीच्या ३०० प्रती काढायला सगळा मिळून ३ लाख रुपये खर्च आला आणि एक प्रत दीड हजाराला गेली. २०० प्रती विकल्या जाईपर्यंत दोघांच्याही हाती काही नाही. उरलेल्या १०० प्रती गेल्या तर दीड लाख उरतात, प्रत्येकी ७५ हजार. या हिशेबात विकल्या न गेलेल्या प्रती घरात पडून राहण्याचा धोका लेबलचा. म्हणून लेबले आधी मागणी नोंदवून घेतात आणि प्रती मोजक्याच काढतात.

डिजिटलमध्ये कारखान्याचा खर्च नाही, पण उत्पन्नाची तऱ्हा वेगळी. २००८ पासून चालणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर श्रोता थेट पैसे देऊन अल्बम विकत घेतो. डिजिटल विक्रीतून संकेतस्थळ १५ टक्के ठेवते, विक्री वाढल्यावर १० टक्के. म्हणजे ५०० रुपयांच्या अल्बममागे ७५ रुपये आणि पैसे पाठवण्याचे शुल्क वजा जाता बाकी लेबलकडे. अंडरग्राउंड संगीताची बरीच छोटी लेबले यावरच तगून आहेत. उलट स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागील १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला पैसे नाहीत. ज्याचे श्रोतेच मुळात मोजके, त्याला हा नियम नेमका बोचतो.

छोटे म्हणजे सज्जन, असे समजावे का?

अजिबात नाही. ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढणारे शिकागोचे ‘ट्रॅक्स रेकॉर्ड्स’ हेही स्वतंत्र लेबलच. हाऊस संगीत घरोघर पोहोचवण्याचे श्रेय त्याचे, आणि कलावंतांना मोबदला न दिल्याच्या तक्रारीही त्याच्याच नावावर. लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या दोन कलावंतांनी २०२० मध्ये त्याच्यावर दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि आपल्या जुन्या रचनांचे हक्क त्यांना परत मिळाले. जी गाणी तरुणपणी केली, त्यांचे हक्क हाती यायला साठी गाठावी लागली.

गोव्याची गोष्ट आणखी जवळची. हणजुणेच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून परदेशी पाहुण्यांच्या रात्रभरच्या मैफली होत. गोवा गिल या नावाने प्रसिद्ध झालेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये निधन पावलेले डीजे त्यांतले प्रमुख. त्यातून जो प्रकार घडला त्याला जगाने ‘गोवा ट्रान्स’ म्हटले. पण नव्वदच्या दशकात तो विकणारी ड्रॅगनफ्लाय, टिप यांसारखी लेबले होती लंडनची. नाव गोव्याचे, करारपत्रे तिकडची. स्थानिकांच्या वाट्याला खोल्यांचे भाडे आले, दुचाकींचे भाडे आले, आणि मैदानाच्या कडेला चटई टाकून रात्रभर चहा विकणाऱ्या बायकांना चहाचे पैसे.

कायदा वादकाला काय देतो?

यात वडशाच्या वादकांनी आणि कंपनीमालकांनीही लक्ष घालावे असे बरेच आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात मोठी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. एका गाण्यात अनेक हक्क गुंतलेले असतात. चाल संगीतकाराची, शब्द गीतकाराचे, आणि ध्वनिमुद्रण त्याच्या निर्मात्याचे, म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचे. गाणारा आणि वाजवणारा यांचा ‘कलावंताचा हक्क’ याहून वेगळा. त्याची मुदत ५० वर्षे, ध्वनिमुद्रणाची प्रकाशनानंतर ६० वर्षे. म्हणजे १९८० च्या दशकातल्या तबकड्यांवर २०४० नंतरही कुणाची ना कुणाची मालकी राहणार.

हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावाच लागतो. ‘घे रे, टाक यूट्यूबवर’ एवढ्याने मालकी जात नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. या दोन ओळी अनेकांना माहीत नसतात आणि ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी’ असे छापील शब्द असलेल्या कागदावर सही होऊन जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून लिहून घेण्यावरही बंधन आले. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी नसली तरी हक्क असतो, पण वाद झाला की कागद उपयोगी पडतो.

यूट्यूबवर दुसरी अडचण आहे. हक्कदाराने मूळ ध्वनिमुद्रण नोंदवले की त्याच्याशी जुळणारे प्रत्येक चित्रण यंत्रणा आपोआप पकडते. मग ते बंद करायचे की त्यावरच्या जाहिरातींचे पैसे स्वतःकडे वळवायचे, हे नोंदवणारा ठरवतो. एकट्यादुकट्या कलावंताला या यंत्रणेत थेट प्रवेश नसतो, वितरकामार्फत जावे लागते. त्यामुळे नाटकातली धून कुणा तिसऱ्याने आधी नोंदवली, तर ती वाजवणाऱ्या मूळ वादकाच्याच चित्रणावर दावा येऊ शकतो. आणि झाडीपट्टीत चित्रपटगीतांच्या चालींवर रचलेली पदेही असतात, त्यांना मूळ चालीच्या मालकाची परवानगी लागते. नाटकासाठी स्वतंत्र चाल बांधणाऱ्याचे पारडे इथे जड.

वडशात लेबल उभे राहू शकते का?

यंत्रांची अडचण आता उरलेली नाही. ध्वनिव्यवस्थेच्या मिक्सरमधून प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा टिपणारी साधने आणि त्यासाठी लागणारा लॅपटॉप ही कोणत्याही नाट्यकंपनीच्या एका हंगामाच्या खर्चापुढे किरकोळ बाब आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला लागणारा १२ अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक वितरकाकडूनही मिळतो. अडचण आहे ती सवयीची. कंपनीला वाटते गाणी मोबाइलवर मिळू लागली तर मंडपात कोण येणार, आणि एकाच हंगामात कंपनी बदलणाऱ्या वादकाला वाटते कागद केला तर काम जाईल. पहिल्या भीतीला उत्तर असे की रात्रभराचे नाटक कुणी गाण्यांपुरते पाहत नाही, गाणी ऐकून उलट तारीख मागितली जाते. दुसऱ्या भीतीला एवढे सोपे उत्तर नाही.

नाटकाच्या पत्रकावर साथसंगतीची नावे छापण्याची मराठी रंगभूमीची रीत जुनी आहे. हिंदी चित्रपटाच्या तबकड्यांनी चरणजित सिंग यांच्यासारख्या वादकांना जे बहुधा दिले नाही, ते गावच्या पत्रकावर तालीममास्तरांच्या खालोखाल मिळते. तीच नावे गाव आणि तारखेसह फाइलला जोडायची आणि कुणाचा किती वाटा ते एका कागदावर लिहून घ्यायचे, हे छोट्या लेबलचे पहिले काम. धान कापणीला येईल तशा वडशात तारखा भरू लागतात. करार त्याच दिवसांत होतात, नटांचे, नेपथ्याचे, गाड्यांचे.